सहा मेगाहर्ट्झची अट : अमेरिकेचं डिजिटल टीव्ही मानक कसं ठरलं

२४ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेत प्रसारणाचं नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे एफसीसीनं, डिजिटल टीव्ही प्रसारणाचं मानक मंजूर केलं. त्यामागे नऊ वर्षांचं काम होतं. सुरुवातीला २३ प्रस्ताव आले होते. त्यातला एकही जसाच्या तसा निवडला गेला नाही. जपाननं दोन दशकं खपून उभी केलेली व्यवस्था वाटेत बाद झाली. ‘हवेतून जाणारा सिग्नल पूर्ण डिजिटल करता येईल’ असं पहिल्यांदा ठामपणे सांगणारी कंपनी तर घरगुती टीव्ही बनवणारी कंपनीच नव्हती.

मानकांचा इतिहास सांगताना आपण बहुधा शोध लावणाऱ्यांची नावं घेतो. या प्रकरणातही ती आहेत आणि त्यातलं एक मुंबईत जन्मलेल्या माणसाचं आहे. पण माझ्या मते निकाल लावला तो एका अटीनं आणि एका मोजणीनं. चॅनेलची रुंदी सहा मेगाहर्ट्झच राहील, ही अट. सगळ्यांची यंत्रं एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीनं तपासली जातील, ही मोजणी. या मानकात जे उत्तम आहे ते या दोहोंमुळे आलं. जे कमी पडलं ते मोजणीत ज्याला पुरेशी जागा मिळाली नाही त्यामुळे. आज भारतात थेट मोबाइलवर टीव्ही पोचवण्याची चर्चा चालू असताना हे प्रकरण बारकाईनं वाचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रिकामी चॅनेलं कोणाची?

सुरुवात चित्राच्या दर्जापासून झाली नव्हती. ती झाली स्पेक्ट्रमच्या, म्हणजे हवेतल्या रेडिओ लहरींच्या जागेच्या, भांडणातून.

१९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या शहरांमध्ये यूएचएफ पट्ट्यातली बरीच टीव्ही चॅनेलं वापरात नव्हती. ती रिकामी ठेवण्याला तांत्रिक कारण होतं. एनटीएससी या जुन्या ॲनालॉग पद्धतीच्या टीव्ही संचांना शेजारच्या चॅनेलवरचा जोरदार सिग्नल सहन होत नसे, चित्रात जाळी आणि पट्टे उमटत. म्हणून एका शहरात एक चॅनेल दिलं की त्याच्या आसपासची काही वर्ज्य ठरत. या वर्ज्य चॅनेलांवर मोटोरोलासारख्या कंपन्यांचा डोळा होता. पोलिस, रुग्णवाहिका, टॅक्सी, मालवाहतूक यांच्या वायरलेस संचांसाठी त्यांना ती जागा हवी होती, आणि एफसीसीचा कलही तिकडेच दिसत होता.

प्रसारकांना ही जागा सोडायची नव्हती, पण ‘आम्हाला ती कशाला हवी’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर त्यांना जपानमध्ये सापडलं. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर उच्च दर्जाच्या टीव्हीवर संशोधन सुरू केलं होतं. ताकाशी फुजिओ यांच्या नेतृत्वाखाली ११२५ रेषांचं चित्र तयार झालं होतं. एनटीएससीत रेषा ५२५. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकी प्रसारकांच्या संघटनांनी एनएचकेची यंत्रं वॉशिंग्टनला आणवली, यूएचएफ चॅनेलांवरून हे चित्र हवेत सोडलं आणि खासदारांना व अधिकाऱ्यांना ते दाखवलं. पुढच्याच महिन्यात ५८ प्रसारण संस्थांनी एफसीसीकडे अर्ज केला : भविष्यातल्या टीव्हीचा विचार होईपर्यंत ही चॅनेलं दुसऱ्या कोणाला देऊ नका.

म्हणजे आज ज्याला आपण एचडी म्हणतो ते अमेरिकेत आलं जागा राखण्याच्या गरजेपोटी. यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही. बहुतेक मानकांच्या मुळाशी असा एखादा रोकडा हितसंबंध असतो, आणि तो माहीत असला की पुढची प्रत्येक चाल समजते.

म्यूजचं चित्र

जपानची व्यवस्था नेमकी कशी होती हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या तुलनेत घडलं.

एनएचकेचं मूळ चित्र इतकं रुंद होतं की ते कुठल्याही प्रचलित चॅनेलमध्ये मावत नव्हतं. त्यावर त्यांनी म्यूज नावाची युक्ती काढली. चित्राचे नमुने चार भागांत वाटायचे आणि लागोपाठच्या चार फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक रेषांच्या अर्ध्या चित्रांमध्ये, एकेक भाग पाठवायचा. घरातला रिसीव्हर हे चार भाग एकमेकांत गुंफून पूर्ण चित्र उभं करतो. डोंगर, इमारत, फुलदाणी यांसारखं स्थिर दृश्य असेल तर बारकाई अप्रतिम दिसे. पण एखादी वस्तू हलली की चार फील्डमधली तिची जागा वेगवेगळी, त्यामुळे ते चार भाग जुळत नाहीत. तिथे एकाच फील्डच्या माहितीवर भागवावं लागे आणि हलणारा भाग धूसर होई. शर्यतीतला घोडा पुसट, मागचं कुंपण मात्र लखलखीत.

शिवाय एवढं करूनही म्यूजला उपग्रहावरचं चॅनेल लागत होतं. अमेरिकेतल्या जमिनीवरच्या मनोऱ्यांना मिळणाऱ्या सहा मेगाहर्ट्झमध्ये ते बसत नव्हतं.

१९८६ मध्ये दुब्रोवनिकच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत जपाननं आपलं चित्रमानक जगभरासाठी मांडलं. अमेरिकेचा त्याला पाठिंबा होता, युरोपीय देशांनी ते अडवलं. आपल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाचं काय होणार ही त्यांची भीती होती. त्यांनी १२५० रेषांची स्वतःची एचडी-मॅक योजना काढली. दोनेक वर्षांत तीच भीती अमेरिकेतही पोचली. टीव्ही संच बनवणाऱ्या अमेरिकी मालकीच्या मोठ्या कंपन्यांत एकटी झेनिथ उरली होती, आणि पुढच्या पिढीचा टीव्ही जपानी असेल तर चिप आणि संगणक उद्योगही मागोमाग जाईल, असं संसदेत बोललं जाऊ लागलं.

वकील अध्यक्ष

१९८७ मध्ये एफसीसीनं सल्लागार समिती नेमली. तिच्या अध्यक्षपदी आले रिचर्ड वायली. ते वकील. १९७४ ते १९७७ या काळात ते स्वतः एफसीसीचे अध्यक्ष होते. सिग्नल प्रोसेसिंगमधलं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं, आणि या कामाला ते फायद्याचंच ठरलं असं माझं मत आहे. कुठली मॉड्युलेशन पद्धत, म्हणजे माहिती लहरीवर चढवण्याची पद्धत, श्रेष्ठ यावर त्यांचा स्वतःचा हट्ट नव्हता. त्यांनी आग्रह धरला तो कामाच्या पद्धतीचा : तारखा पाळायच्या, कागदावरच्या दाव्यांवर निवड करायची नाही, चालतं यंत्र आणून दाखवायचं.

सप्टेंबर १९८८ मध्ये एफसीसीनं पहिली मोठी चौकट आखली. नवी व्यवस्था टीव्हीसाठी आधीच राखलेल्या स्पेक्ट्रममध्येच बसली पाहिजे, आणि घरोघरचे जुने संच निकामी होता कामा नयेत. या चौकटीत दोन वाटा शक्य होत्या. एक म्हणजे जुन्या सिग्नलमध्येच जादा माहिती घुसवायची, किंवा शेजारी अर्धंमुर्धं पूरक चॅनेल द्यायचं. दुसरी म्हणजे जुनं चॅनेल तसंच चालू ठेवून नव्या चित्राला पूर्ण स्वतंत्र सहा मेगाहर्ट्झ द्यायचे.

मार्च १९९० मध्ये एफसीसीचे तत्कालीन अध्यक्ष आल्फ्रेड साइक्स यांनी दुसऱ्या वाटेला पसंती जाहीर केली. जुन्या पद्धतीला ठिगळं लावणं बंद, खरं एचडी हवं, आणि ते स्वतंत्र सहा मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये हवं. त्या चॅनेलसाठी जागा म्हणजे तीच वर्ज्य चॅनेलं. त्यामुळे नवा सिग्नल शेजारच्या जुन्या टीव्हीला त्रास न देणारा, म्हणजे कमी शक्तीवर चालणारा असायला हवा.

या एका निर्णयानं स्पर्धेचं रूपच पालटलं. रुंदी वाढवायची नाही, शक्ती वाढवायची नाही, शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि तरीही चित्र कितीतरी पट बारीक हवं. या चारही गोष्टी एकदम सांभाळणं ॲनालॉग पद्धतीच्या आवाक्यात नव्हतं. एफसीसीनं ‘डिजिटल करा’ असं कुठेही म्हटलं नव्हतं. पण अट अशी होती की सचोटीनं गणित मांडणारा माणूस डिजिटलपाशीच पोचणार होता.

सान डिएगोहून आलेला अर्ज

आणि तो पोचला. जून १९९० च्या आरंभी, चाचणीसाठी नावनोंदणीची मुदत संपत असताना, जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीनं संपूर्ण डिजिटल एचडी व्यवस्था जाहीर केली. नाव डिजिसायफर. कंपनीचा सान डिएगोचा विभाग उपग्रहावरच्या केबल वाहिन्यांचे सिग्नल कुलूपबंद करण्याची यंत्रं बनवत असे. जेरी हेलर हे तिथले वरिष्ठ अधिकारी आणि कोरियात जन्मलेले वू पैक हे या रचनेचे मुख्य अभियंते. हा गट मुळात लिंकाबिट या कंपनीच्या परंपरेतला, म्हणजे अंतराळ आणि लष्करी दळणवळणाच्या डिजिटल कामात मुरलेला. टीव्हीच्या जगातल्या बहुतेक तज्ज्ञांना त्या वेळी हवेतून डिजिटल एचडी हे पुढच्या शतकाचं काम वाटत होतं. या मंडळींना ते तसं वाटलं नाही, कारण क्षीण सिग्नलमधून बिट सुखरूप बाहेर काढणं हा त्यांचा रोजचा धंदा होता.

काम किती अवघड होतं ते आकड्यांवरून कळतं. १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण वीस लाख ठिपके. सेकंदाला तीस चित्रं, प्रत्येक ठिपक्याला सरासरी सोळा बिट. सेकंदाला जवळपास १०० कोटी बिट होतात. पुढे मंजूर झालेल्या मानकात सहा मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून सेकंदाला १ कोटी ९४ लाख बिट जातात. म्हणजे मूळ माहितीच्या पन्नास भागांपैकी एक भाग पाठवायचा आणि पाहणाऱ्याला उरलेल्या एकोणपन्नासांची उणीव भासू द्यायची नाही.

हे ज्या दोन कल्पनांच्या जोरावर शक्य झालं, त्या दोन्हींत भारतात जन्मलेल्या माणसांचा हात आहे. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म प्रसिद्ध केला. चित्राचा छोटा चौकोन घेऊन त्यातला ठळक आणि सूक्ष्म भाग वेगळा करायचा, म्हणजे डोळ्याला न जाणवणारा सूक्ष्म भाग सोडून देता येतो. दुसरी कल्पना हालचालीची. लागोपाठच्या दोन चित्रांत बरंचसं तेच असतं, फक्त काही वस्तू सरकलेल्या असतात. तेव्हा ‘हा चौकोन इतका उजवीकडे गेला’ एवढंच कळवायचं आणि अंदाजात राहिलेली चूक तेवढी पाठवायची. या हालचालभरपाईच्या पद्धतीवर १९७० च्या दशकात बेल लॅब्ज या एटी अँड टी कंपनीच्या संशोधनसंस्थेत पायाभूत काम करणाऱ्यांत अरुण नेत्रावळी होते. जन्म मुंबईचा, आयआयटी मुंबईची १९६७ ची पदवी, १९७२ पासून बेल लॅब्जमध्ये. पुढे बेल लॅब्जमधल्या एचडी संशोधनाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. त्या जोरावर एटी अँड टी कंपनी झेनिथची भागीदार म्हणून स्पर्धेत उतरली. १९९९ मध्ये ते बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले, २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पवईच्या त्याच संस्थेतून दर वर्षी शेकडो अभियंते बाहेर पडतात. त्यांच्यापैकी कितींना ही गोष्ट माहीत असेल, याची मला खंत वाटते.

जनरल इन्स्ट्रुमेंटनं डिजिटलचं नाव काढल्यावर काही महिन्यांतच बाकीचे प्रतिस्पर्धी आपापले ॲनालॉग आणि मिश्र आराखडे गुंडाळून डिजिटलकडे वळले. एनएचके वळली नाही. तिनं म्यूज आवळून सहा मेगाहर्ट्झमध्ये बसवलं आणि तीच नॅरो-म्यूज व्यवस्था चाचणीला आणली.

अलेक्झांड्रियातली मोजणी

वॉशिंग्टनच्या शेजारी, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी प्रसारकांनी आणि उद्योगानं मिळून चाचणी केंद्र उभारलं होतं. जुलै १९९१ पासून तिथे एकेक व्यवस्था पाळीपाळीनं येऊ लागली. आजच्या हातात मावणाऱ्या चिपच्या जागी तेव्हा कपाटांएवढे रॅक होते. हातानं जोडलेल्या सर्किट बोर्डांनी भरलेले, वाटेतल्या हादऱ्यांनी बिघडणारे. प्रत्येक चमूला नेमलेला अवधी मिळे आणि त्यात यंत्र जसं चालेल तसं नोंदलं जाई.

मोजणी दोन अंगांची होती. एका बाजूला चित्र कसं दिसतं : स्थिर दृश्य, वेगवान दृश्य, गोंधळाचं दृश्य. अलेक्झांड्रियात तज्ज्ञ डोळे होते. सामान्य प्रेक्षकांना बसवून गुण घेण्याचं काम कॅनडात, ओटावाच्या प्रयोगशाळेत होत होतं. दुसऱ्या बाजूला सिग्नल किती टिकतो : मुद्दाम खरखर मिसळायची, शेजारच्या चॅनेलचा त्रास द्यायचा, परावर्तित सिग्नल घालायचा, आणि कुठल्या पातळीला चित्र मोडतं ते लिहून ठेवायचं. शिवाय बाजारातले जुने एनटीएससी संच मांडून नव्या सिग्नलचा त्यांना किती उपद्रव होतो, हेही पाहायचं.

इथे डिजिटलचा एक स्वभाव सगळ्यांच्या नजरेत भरला. ॲनालॉगमध्ये सिग्नल क्षीण झाला की चित्रात मुंग्या येतात, आणखी क्षीण झाला की मुंग्या वाढतात, तरी माणूस बातम्या ऐकत राहतो. डिजिटलमध्ये एका पातळीपर्यंत चित्र निर्दोष असतं. त्याखाली एक-दोन डेसिबल उतरलं की चौकोन फुटतात आणि पडदा थिजतो. कड्याच्या टोकापर्यंत वाट सपाट, पुढे सरळ दरी. त्यामुळे कडा नेमका कुठे आहे, हा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा ठरला.

फेब्रुवारी १९९३ मध्ये समितीच्या खास मंडळानं निकाल काढला. नॅरो-म्यूज बाद. उरल्या चार व्यवस्था, चारही डिजिटल. एक झेनिथ आणि एटी अँड टीची, एक सार्नॉफ, थॉमसन, फिलिप्स वगैरेंची, आणि दोन जनरल इन्स्ट्रुमेंट आणि एमआयटी यांच्या जोडीच्या. चौघांमध्येही दोष होते, कोणीही निर्विवाद पुढे नव्हतं. आपापले दोष काढून पुन्हा चाचणीला या, असं ठरलं.

वायलींची कसोटी इथे लागली. पुन्हा चाचणी म्हणजे आणखी वर्षभर आणि आणखी पैसा. वर हरलेला पक्ष कोर्टात जाणार हे उघड होतं. ‘एकत्र या’ असं ते कधीपासून सुचवत होते. चाचणीची तारीख जवळ येईतो त्यांनी ही आशा सोडली नाही, आणि चाचणीची धमकीही मागे घेतली नाही. २४ मे १९९३ रोजी सात पक्षांनी ग्रँड अलायन्स जाहीर केली : एटी अँड टी, जनरल इन्स्ट्रुमेंट, एमआयटी, फिलिप्स, सार्नॉफ, थॉमसन आणि झेनिथ. या सातांत फिलिप्स डच आणि थॉमसन फ्रेंच. झेनिथवरही दोन वर्षांनी कोरियाच्या एलजीनं ताबा मिळवला. संसदेत ज्या ‘अमेरिकी टीव्ही’साठी भाषणं झाली होती तो प्रत्यक्षात चार देशांच्या भांडवलावर उभा राहिला, आणि त्यात काही वावगं झालं असं मला वाटत नाही.

आघाडी झाल्यावरही मोजणी थांबली नाही, ही या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. एकेका भागाची निवड पुन्हा समोरासमोर झाली. चित्राच्या कॉम्प्रेशनला एमपेग-२, आवाजाला डॉल्बीचं एसी-३. सिग्नल हवेत सोडण्याच्या पद्धतीसाठी १९९४ च्या सुरुवातीला दोन यंत्रांची झुंज लावली. झेनिथच्या रिचर्ड सिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ८-व्हीएसबी पद्धत एका बाजूला, क्यूएएम पद्धत दुसऱ्या बाजूला. ८-व्हीएसबी जिंकली.

२८ नोव्हेंबर १९९५ रोजी समितीनं शिफारस केली. मानकाची कागदोपत्री मांडणी एटीएससी या टीव्ही मानकं आखणाऱ्या संस्थेनं केली.

संगणकवाल्यांची हरकत

शिफारशीनंतरचं वर्ष चित्रप्रकारांच्या भांडणात गेलं. मानकात १८ प्रकारांचा तक्ता होता. त्यात एकाआड एक रेषा रंगवणारी इंटरलेस पद्धतही होती आणि सगळ्या रेषा क्रमानं रंगवणारी प्रोग्रेसिव्ह पद्धतही. प्रसारकांना वर्षानुवर्षांच्या सवयीची इंटरलेस हवी होती. संगणक उद्योगाला तिचं वावडं होतं, कारण पडद्यावरची अक्षरं त्यात थरथरतात. एफसीसीच्या सदस्य सुझन नेस यांनी प्रसारक, टीव्ही संच बनवणारे आणि संगणकवाले अशा तिन्ही उद्योगांना बोलणीला बसवलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये तोडगा निघाला : तक्ताच सरकारी नियमातून काढून टाकायचा, बाजाराला ठरवू द्यायचं. पुढे सीबीएस आणि एनबीसीनं १०८० इंटरलेस घेतलं, एबीसी आणि फॉक्सनं ७२० प्रोग्रेसिव्ह. टीव्ही संचांनी मुकाट्यानं सगळं वाचायला शिकून घेतलं.

बाल्टिमोरच्या खोलीतला अँटेना

नियमित डिजिटल प्रसारण १ नोव्हेंबर १९९८ ला सुरू झालं. खरा प्रश्न पुढच्या उन्हाळ्यात उभा राहिला.

अनेक टीव्ही केंद्रांची मालक असलेल्या सिंक्लेअर या कंपनीनं १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये प्रात्यक्षिकं केली. घरात टेबलावर ठेवायचा साधा अँटेना घेतला आणि दोन पद्धतींची तुलना केली : अमेरिकेची ८-व्हीएसबी आणि युरोपनं घेतलेली सीओएफडीएम. घरातल्या खोल्यांमध्ये ८-व्हीएसबीचे तेव्हाचे रिसीव्हर जागोजागी अडखळले, सीओएफडीएम बऱ्याच ठिकाणी चाललं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. शहरात सिग्नल मनोऱ्यावरून थेट येतो आणि इमारतींवर आपटूनही येतो, थोडा उशिरा. ॲनालॉगच्या काळात यानंच चित्राशेजारी फिकट दुसरं चित्र दिसे. वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीवरचा अँटेना फिरवणाऱ्या मुंबईकरांनी ही भुतं भरपूर पाहिली आहेत. ८-व्हीएसबीत एकच वाहक लहर अतिशय वेगानं, सेकंदाला कोटीभर चिन्हं नेते. एक चिन्ह येऊन संपण्याच्या आत मागच्याचे प्रतिध्वनी त्यावर येऊन आदळतात. ते पुसायचं काम रिसीव्हरमधल्या इक्वलायझरचं, आणि पहिल्या पिढीचे इक्वलायझर त्याला पुरे पडत नव्हते. सीओएफडीएममध्ये हेच काम हजारो संथ वाहक लहरींत वाटलेलं असतं आणि दोन चिन्हांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. उशिरा आलेला प्रतिध्वनी त्या मोकळ्या जागेत विरून जातो.

अलेक्झांड्रियात परावर्तनाची चाचणी झालीच नव्हती असं नाही. पण संपूर्ण नियोजन ज्या गृहीतावर उभं होतं ते घराबाहेर तीस फूट उंचीवर लावलेल्या अँटेनाचं होतं. प्रत्येक केंद्राचं क्षेत्र, प्रत्येकाची शक्ती, शेजाऱ्याला होणारा त्रास, सगळं त्या तीस फुटांवरून काढलेलं. त्या मोजणीत ८-व्हीएसबी खरोखर सरस होती : कमी शक्तीत जास्त लांब जायची आणि जुन्या चॅनेलांना कमी त्रास द्यायची. तिची निवड लबाडीनं झाली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं तिनं अचूक उत्तर दिलं होतं. दिवाणखान्यातल्या टेबलाबद्दल, चालत्या गाडीबद्दल तिला पुरेसं विचारलंच गेलं नव्हतं.

एफसीसीनं फेब्रुवारी २००० मध्ये सिंक्लेअरचा अर्ज फेटाळला. प्रसारक संघटनांनी तुलनात्मक चाचण्या करून जानेवारी २००१ मध्ये पुन्हा ८-व्हीएसबीचीच बाजू घेतली. पुढे इक्वलायझर सुधारत गेले आणि २००४ च्या सुमाराच्या पाचव्या पिढीच्या चिपमुळे घरातली बरीच तक्रार मिटली. पण मधली वर्षं गेली ती गेलीच. दक्षिण कोरियानं १९९७ मध्ये हेच मानक घेतलं होतं. तिथेही प्रसारकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, आणि तो वाद २००४ मध्ये मिटला. मोबाइलवर टीव्ही पाहण्याची सोय जपानमध्ये मानकातच होती, अमेरिकेच्या मानकात ती पहिल्यापासून नव्हती.

अमेरिकेतली मोठ्या केंद्रांची ॲनालॉग प्रक्षेपणं १२ जून २००९ ला बंद झाली. जुन्या संचांना जोडायच्या डब्यासाठी सरकारनं घरटी चाळीस डॉलरची दोन कुपनं दिली. चॅनेल ५२ ते ६९ मोकळी झाली, म्हणजे १०८ मेगाहर्ट्झ. त्यातल्या मोठ्या भागाचा २००८ मधला लिलाव सुमारे १९ अब्ज डॉलरना गेला आणि तिथे मोबाइल सेवा आल्या. १९८७ मध्ये जी जागा वायरलेसवाल्यांना द्यायची नाही म्हणून हे सगळं सुरू झालं, त्याच पट्ट्यातली जागा शेवटी त्यांच्याकडे गेली. प्रसारकांना मात्र कमी जागेत कितीतरी चांगलं चित्र मिळालं, आणि हा सौदा वाईट नव्हता.

दुसरी फेरी

एटीएससीनं पुढच्या पिढीचं मानक, ३.०, आखलं तेव्हा बाल्टिमोरचा धडा मध्यभागी होता. यात ओएफडीएम आहे, म्हणजे हजारो संथ लहरींचीच पद्धत. एकाच चॅनेलमधला काही भाग मोबाइलसाठी दणकट आणि काही भाग घरच्या मोठ्या पडद्यासाठी भरगच्च ठेवता येतो. सगळी माहिती इंटरनेटच्या आयपी पाकिटांतून जाते. सिंक्लेअर या वेळी रचनाकारांच्या गटात होती. दक्षिण कोरियानं मे २०१७ मध्ये यावर प्रसारण सुरू केलं, एफसीसीनं नोव्हेंबर २०१७ मध्ये ऐच्छिक परवानगी दिली. २०१९ मध्ये एटीएससीच्या अध्यक्षपदी मॅडेलिन नोलँड आल्या.

ऐच्छिक हा शब्द जड गेला आहे. १९९० मध्ये प्रत्येक केंद्राला नवं चॅनेल देण्याचं ठरलं होतं. या वेळी जादा चॅनेल नाही, त्यामुळे शहरातल्या केंद्रांना एकमेकांच्या चॅनेलवर वाटेकरी होऊन जुनं आणि नवं दोन्ही चालवावं लागतं. पेटंटचाही घोळ आहे. एका पेटंट खटल्यात निकाल विरुद्ध गेल्यावर एलजीनं २०२४ च्या संचांतून ३.० चा ट्यूनर काढला. ज्या कंपनीकडे झेनिथचा वारसा आहे तिनंच मागे सरावं, ही गोष्ट काळजीची आहे. शिवाय प्रसारकांनी सिग्नलला कुलूप लावण्याची सोय वापरायला घेतली. फुकट हवेतून येणारा कार्यक्रम नोंदवण्याचा, दुसऱ्या खोलीत नेण्याचा हक्क जातो, म्हणून प्रेक्षक संतापले आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. वायलींसारखा तारखा लावून सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारा माणूस या फेरीत दिसत नाही.

याच तंत्रावर आधारलेली थेट मोबाइलवर प्रसारणाची, डी-टू-एमची, योजना भारतात प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांच्या सहभागानं तपासली जाते आहे. ३.० ची चिप बंगळुरूच्या सांख्य लॅब्जनं घडवली, तीही सिंक्लेअरच्या साथीनं. दिल्ली आणि बंगळुरूत प्राथमिक चाचण्या झाल्या. मोबाइल बनवणाऱ्या आणि दूरसंचार कंपन्यांचा विरोध आहे, कारण जादा चिपनं फोनची किंमत वाढते आणि व्हिडिओचा डेटा विकण्याचा धंदा घटतो. प्रसारकांचे, चिपवाल्यांचे, दूरसंचारवाल्यांचे हितसंबंध इथेही तितकेच उघड आहेत, आणि असायला हरकत नाही.

माझी मागणी चाचणीच्या यादीपुरती आहे. ती यादी निवडीच्या आधी जाहीर व्हावी आणि तिच्यात आपल्या जगण्याच्या जागा असाव्यात : परळच्या टॉवरांच्या मधे दबलेल्या चाळीतली तळमजल्याची खोली, घाटातून उतरणारी एसटी, सह्याद्रीच्या सावलीत असलेलं रायगड-रत्नागिरीचं गाव, पावसाळ्यात वीज गेल्यावर खिशात असलेला स्वस्तातला फोन. प्रत्येक जागी कडा कुठे आहे तो डेसिबलमध्ये लिहावा, आणि आकडे विरोधकांनाही मोजून पाहता यावेत.